गाडी, कार्बन आणि सरकारचे नियम: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात मी गाड्यांच्या कागदपत्रांचं काम करतो: पासिंग, नावावर करणं, बोजा उतरवणं, फिटनेस. एमएच १९ च्या गाड्या तर येतातच, धुळ्याच्या एमएच १८ आणि नंदुरबारच्या एमएच ३९ च्याही येतात. पूर्वी लोक दोनच गोष्टी विचारायचे, खर्च किती आणि दिवस किती. आता कार्बन, इलेक्ट्रिक, इथेनॉल, भंगार असे प्रश्न येतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी अर्धवट माहिती त्यात आणखी गोंधळ घालते. टेबलावर रोज जे सांगतो तेच इथे लिहून ठेवतो आहे.

कार्बन कमी करायचा म्हणजे धूर कमी करायचा, बरोबर ना?

नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, म्हणून हाच प्रश्न आधी घेतला.

पीयूसी काढताना काय होतं ते एकदा नीट बघा. मुलगा सायलेन्सरमध्ये नळी घालतो, गाडी चालू ठेवायला सांगतो, स्क्रीनवर आकडे हलतात आणि कागद बाहेर येतो. पेट्रोल गाडी असेल तर त्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन किती ते असतं, डिझेल असेल तर धुराचा दाटपणा. ह्या वायूंनी माणसाच्या छातीला त्रास होतो. हवामान तापवणारा कार्बन डायऑक्साइड वेगळा. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पीयूसीत त्याच्यावर मर्यादाही नाही. सायलेन्सर स्वच्छ, पीयूसी पास, तरी गाडी किलोकिलोने कार्बन सोडत असते.

बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुरातल्या प्रदूषणाचा सरकारी मापदंड, त्याचंही तेच. १ एप्रिल २०२० ला देशभर बीएस-६ लागू झालं. आपण बीएस-४ वरून थेट सहावर गेलो, मधलं पाच गाळलं. इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं, डिझेल कारच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा प्रति किलोमीटर ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ वर आली. फार मोठं काम झालं ते, पण हवेच्या प्रदूषणाचं. कार्बनचा नियम वेगळ्या कायद्यात आहे, तो पुढे येईल.

एक लिटर पेट्रोल जाळलं की कार्बन किती निघतो?

साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. डिझेलचा २.७ किलो. लोकांना पटत नाही. पेट्रोलच जेमतेम पाऊण किलो, त्यातून सव्वादोन किलो निघेल कसं? पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, वजन त्याचं वाढतं.

जळगाव–धुळे जाऊन-येऊन साधारण १९० किलोमीटर. गाडी १६ चं एव्हरेज देत असेल तर १२ लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं, म्हणजे जवळजवळ २७ किलो कार्बन डायऑक्साइड. सिमेंटच्या अर्ध्या गोणीहून जास्त वजन, एका दिवसाच्या लग्नाच्या फेरीत. २७ चा हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग कार्बनवर सरकारचा नेमका नियम कुठला?

त्याला ‘कॅफे’ म्हणतात. चहा-कॉफीशी संबंध नाही, कंपनीच्या सरासरी इंधन-कार्यक्षमतेचं ते इंग्रजी लघुरूप आहे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली हा नियम येतो आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो त्याचं काम बघतं. शोरूमच्या कोटेशनमध्ये तो कुठेही लिहिलेला नसतो, म्हणून कुणाला माहीत नाही. माझ्या मते कारच्या कार्बनवर ह्या देशात झालेलं सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र हेच आहे.

आपण एव्हरेज म्हणतो ते एका गाडीचं. सरकार इथे धरतं ते अख्ख्या कंपनीचं. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या कार एकत्र घ्यायच्या, छोट्या-मोठ्या, पेट्रोल-डिझेल, आणि त्यांचा प्रति किलोमीटर कार्बन सरासरीने काढायचा. २०१७-१८ पासून पहिला टप्पा आला, तेव्हा देशपातळीवरचं लक्ष्य १३० ग्रॅम होतं. २०२२-२३ पासून दुसरा टप्पा, ११३ ग्रॅम. पेट्रोलच्या भाषेत बोलायचं तर लिटरला १८ च्या एव्हरेजवरून जवळपास २१ वर. हा आकडा चाचणीच्या खोलीतला आहे. पारोळ्याच्या चढावर एसी लावून, मागे पाच माणसं बसवून तो मिळत नाही.

लक्ष्य चुकलं तर दंड आहे. २०२२ च्या दुरुस्तीने तो जबर केला: शंभर किलोमीटरमागे ०.२ लिटरपर्यंत चूक असेल तर विकलेल्या प्रत्येक गाडीमागे २५,००० रुपये, त्याहून जास्त असेल तर ५०,०००. लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीने हा गुणाकार करून बघावा.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या एवढ्या जाहिराती अचानक का सुरू झाल्या, असं लोक विचारतात. ह्या हिशेबात एक बॅटरीवरची कार तीन गाड्यांएवढी मोजतात, स्ट्राँग हायब्रिड (इंजिन आणि बॅटरीची मोटार दोन्हींवर चालणारी) दोन एवढी. थोड्या इलेक्ट्रिक विकल्या की सरासरी भरभर खाली येते. तुमच्या गावच्या शोरूममध्ये इलेक्ट्रिकवर सूट दिसते, त्यात ह्या हिशेबाचाही हात असतो.

ह्या नियमात कच्चा दुवा कुठे आहे?

वजनात. नियमाच्या सूत्रात गाड्यांचं सरासरी वजन धरतात. ११४५ किलो हा मधला आकडा. कंपनीच्या गाड्या त्याहून ५०० किलोने जड असतील तर तिला शंभर किलोमीटरमागे एक लिटर जास्त इंधनाची मुभा मिळते. म्हणजे जड गाड्या विकणाऱ्याला सैल माप आणि हलक्या गाड्या विकणाऱ्याला घट्ट. देशात विकल्या जाणाऱ्या कारमध्ये आता निम्म्याहून जास्त एसयूव्ही प्रकारच्या आहेत. प्रत्येक गाडीचं इंजिन सुधारलं, पण गाड्याच मोठ्या झाल्या, त्यामुळे झालेल्या सुधारणेचा बराच भाग त्यातच गेला. मला हे खटकतं आणि मी ते बोलून दाखवतो.

तिसरा टप्पा एप्रिल २०२७ पासून लागू करायचा प्रस्ताव आहे. त्याचा सुधारित मसुदा सप्टेंबर २०२५ मध्ये निघाला. हलक्या छोट्या पेट्रोल गाड्यांना थोडी जास्त सवलत द्यावी का, ह्यावरून कंपन्यांमध्येच दोन तट पडले. छोट्या गाड्या बनवणारे ‘द्या’ म्हणतात, मोठ्या बनवणारे ‘नको’. माझं मत छोट्या गाडीच्या बाजूने आहे. चार माणसांना चोपड्याहून जळगावला न्यायला दोन टन लोखंड कशाला हलवायचं?

इलेक्ट्रिक कार घेतली तर सरकार किती पैसे देतं?

केंद्राकडून खासगी कारला रोख अनुदान नाही. गैरसमज आहे हा. केंद्राची इलेक्ट्रिक गाड्यांच्या अनुदानाची फेम-२ योजना १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२४ चालली, तिच्यात कारचं अनुदान टॅक्सीसारख्या व्यावसायिक गाड्यांना होतं. ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या १०,९०० कोटींच्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, रुग्णवाहिका आणि चार्जिंग स्टेशन धरली, खासगी कार नाही. कर्जाच्या व्याजावर आयकरात दीड लाखापर्यंत वजावट मिळायची, तीही ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जालाच.

केंद्राची सवलत करात आहे. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल-डिझेल कारवर १८ आणि मोठ्यांवर ४० टक्के आहे. छोटी कोणती? चार मीटरच्या आत लांबी, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५००. बघा, कर ठरतो लांबीवर आणि इंजिनाच्या आकारावर. गाडी किलोमीटरला किती ग्रॅम सोडते हे करवाला विचारत नाही. विचारायला हवं.

खरा फायदा राज्याकडून आहे. महाराष्ट्राचं नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण मे २०२५ मध्ये आलं, मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत. मोटार वाहन कर माफ, नोंदणी शुल्क माफ. पेट्रोल कारला आपल्याकडे किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के आणि डिझेलला १३ ते १५ टक्के कर भरावा लागतो, त्यामुळे बारा लाखांच्या गाडीला सव्वा-दीड लाख इथेच वाचतात. शिवाय खासगी इलेक्ट्रिक कारला किमतीच्या १० टक्के, जास्तीत जास्त दीड लाख, आणि दुचाकीला जास्तीत जास्त १०,००० रुपये प्रोत्साहन धोरणात आहे, तेही ठरावीक संख्येपर्यंतच्या गाड्यांना. म्हणून बुकिंग करताना एवढंच करा: ही रक्कम बिलातून आधी वजा होणार की नंतर मिळणार, ते कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी ‘होऊन जाईल भाऊ’ वर पैसे भरू नका. अशा तोंडी भरवशावर बसून राहिलेले दोन-तीन जण माझ्या टेबलावर येऊन गेले.

इलेक्ट्रिकला टोल माफ आहे म्हणतात, मग नशिराबादला का कापला?

माफी आहे समृद्धी महामार्ग, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर. हे राज्याचे रस्ते. नशिराबाद किंवा सोनगीरचा टोल राष्ट्रीय महामार्गाचा, राज्याचं धोरण तिथे चालत नाही.

वीज तर दीपनगरच्या कोळशाचीच. मग इलेक्ट्रिकने काय साधलं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण विचारणारा माणूस भुसावळकडचा असतो आणि दीपनगर वीजकेंद्राची धुराडी बघत मोठा झालेला असतो.

हिशेब करू. इलेक्ट्रिक कार एका युनिटवर सहा-सात किलोमीटर जाते. तीच धुळ्याची १९० किलोमीटरची फेरी, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून साधारण ३० युनिट. देशाच्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे २१-२२ किलो. पेट्रोलचे २७ होते, आणि त्यात पेट्रोल शुद्ध करून टँकरने जळगावपर्यंत आणायचा कार्बन धरलेला नाही. फरक आहे, पण ‘शून्य उत्सर्जन’ म्हणून जाहिरातीत लिहितात तसा नाही. बॅटरी बनवतानाही कार्बन लागतो, त्यामुळे वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालवणाऱ्याने कार्बनच्या नावाखाली घाईने इलेक्ट्रिक घेऊ नये. रोज साठ-सत्तर किलोमीटर चालवणाऱ्याने जरूर घ्यावी.

दुसरी बाजूही बघा. पेट्रोलची गाडी दहा वर्षांनी आजच्याएवढाच किंवा जास्त कार्बन सोडेल. इलेक्ट्रिक गाडीचा कार्बन मात्र ग्रिडबरोबर कमी होत जातो. आणि आपल्याकडे दीपनगर एकटं नाही. साक्रीकडे जाताना ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात, त्याच साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. घरावर सोलर बसवलं आणि दुपारी गाडी लावली तर हिशेब पूर्ण बदलतो. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस आपल्याकडे कडक ऊन. ह्या बाबतीत खान्देश श्रीमंत आहे.

केंद्राच्या २०२३ च्या वीज नियमांतही हाच विचार आहे: उन्हाच्या तासांतली वीज नेहमीच्या दरापेक्षा १० ते २० टक्के स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांतली महाग. म्हणून संध्याकाळी सातला घरी येऊन लगेच प्लग लावायची सवय चांगली नाही. खिशालाही नाही, कार्बनलाही नाही.

घरच्या प्लगवर चार्ज होते का?

होते, पण वायरिंग बघून. फैजपूरच्या माझ्या मावसभावाने पहिल्या रात्री कूलरचं एक्स्टेन्शन बोर्ड ओढून गाडी लावली. पहाटे जळकट वास आला. बोर्डाचं प्लास्टिक वितळून पिनेला चिकटलं होतं आणि भिंतीवर हातभर काळा डाग. गाडीला काही झालं नाही. कूलर घेतो तेवढ्याच विजेच्या हिशेबाने जुनी बारीक वायर टाकलेली, आणि गाडी तिच्यातून सात-आठ तास सलग तीन किलोवॉट ओढत होती. आता त्याच्याकडे मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी आणि नवीन अर्थिंग आहे. मोठा चार्जर बसवायचा असेल तर आधी मंजूर भार वाढवून घ्या. खेड्यात डीपीवर आधीच मोटारींचा भार असतो, व्होल्टेज पडलं की चार्जिंग थांबतं. त्यामुळे लोडशेडिंगचं वेळापत्रक बघूनच रात्रीचं गणित बसवा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो. बॅटरी पेटली तर?

२०२२ मध्ये देशात इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत आले. त्याआधीची जुनी दुचाकी स्वस्तात मिळते म्हणून घेत असाल तर जपून. कारच्या बॅटरीत एलएफपी नावाचा प्रकार उष्णता जास्त सोसतो, तो आहे का ते विचारा. भर दुपारी लांबून आल्यावर लगेच फास्ट चार्जिंगला लावू नका, गाडी सावलीत अर्धा तास थंड होऊ द्या. उन्हाने बॅटरीचं आयुष्य कमी होतं, हे खरं आहे.

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने एव्हरेज पडलं. ह्यात कार्बनचा काय फायदा?

एव्हरेज पडतं, खोटं नाही. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या पद्धतीच्या चारचाकींचं एव्हरेज ६-७ टक्के पडेल असं म्हटलं होतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील ई-२० ला चालतील असे असतात. त्याआधीच्या गाडीचे पाइप सर्व्हिसिंगला तपासून घ्या.

कार्बनचा फायदा सायलेन्सरला दिसत नाही, शेतात दिसतो. पिकाने वाढताना हवेतला जो कार्बन घेतला तोच जळताना परत जातो, असा त्यामागचा हिशेब. २०१४ मध्ये पेट्रोलात दीड टक्का इथेनॉल होतं, जून २०२२ मध्ये १० टक्के झालं, आणि २० टक्क्यांचं २०३० चं लक्ष्य पुढे ओढून २०२५ मध्ये गाठलं. आपल्या शेतकऱ्यांसाठी ही घरची गोष्ट आहे: शहाद्याकडचा ऊस आणि जळगाव-धुळ्याचा मका. एक टन मक्यातून ३८० लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं. २०२३-२४ पासून तर इथेनॉलसाठी उसापेक्षा मका पुढे गेला.

मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे, मक्याला गिऱ्हाईक वाढलं तर आनंदच आहे. पण त्या मक्याला युरिया लागतो, युरिया बनवायला गॅस जळतो, विहिरीवरची मोटार चालते, हेही त्याच वहीत मांडलं पाहिजे. पावसावरच्या मक्याचं इथेनॉल आणि बोअरचं पाणी उपसून पिकवलेल्या उसाचं इथेनॉल, दोन्हींना एकाच मापाने ‘हरित’ म्हणणं मला पटत नाही.

सीएनजी किट बसवलं तर?

पेट्रोलपेक्षा कार्बन साधारण पाचव्या भागाने कमी. किट परवानगी असलेल्याच ठिकाणी बसवा, आरसी बुकात नोंद करा आणि टाकीच्या चाचणीची तारीख सांभाळा. गळती होऊ देऊ नका, कारण न जळलेला मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जास्त तापवतो.

‘मन्ही गाडी भंगारमा जाई का?’ पंधरा वर्षं झाली.

शिरपूरकडच्या एका आजोबांनी अगदी रडकुंडीला येऊन विचारलं होतं. नाही आबा, जात नाही. १० वर्षांचं डिझेल आणि १५ वर्षांचं पेट्रोल हा निर्णय दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागाचा आहे. आपल्याकडे १५ वर्षांनी आरसीची मुदत संपते, गाडी तपासून घ्यायची आणि पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं. फी मात्र वाढली. एप्रिल २०२२ पासून कारला ६०० वरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला १०,०००. राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

स्वतःहून गाडी मोडीत काढायची असेल तर नोंदणीकृत केंद्रातच द्या आणि ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी तिथे जमा केल्याचा दाखला, घ्या. त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिली तर हे काही मिळत नाही, आणि गाडी कागदावर तुमच्याच नावाने जिवंत राहते.

कार्बनचं काय? आबांची कार वर्षाला दोन हजार किलोमीटर चालते, बाजार आणि दवाखाना. वर्षाचा कार्बन तीन-साडेतीनशे किलो. नवी कार बनवतानाच काही टन जातात. त्यांना मी नूतनीकरणच करून दिलं.

बाहेरच्या देशांत काय करतात?

युरोपात २०२० पासून ९५ ग्रॅमचं लक्ष्य आलं आणि चुकलेल्या प्रत्येक ग्रॅममागे प्रत्येक गाडीला ९५ युरो दंड. कॅलिफोर्नियाने १९९० मध्येच कंपन्यांना ठरावीक वाटा बिनधुराच्या गाड्यांचा ठेवायला लावला, चीनने तीच कल्पना गुणांच्या रूपात मोठ्या प्रमाणावर राबवली. नॉर्वेने २००१ मध्ये इलेक्ट्रिकवरचा विक्रीकर माफ केला, आणि २०२४ मध्ये तिथे विकलेल्या दर दहा नव्या कारमधल्या जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. पण नॉर्वेची वीज जवळजवळ सगळी पाण्यावरची, तिथे दीपनगर नाही.

काळी-पिवळीला ह्या सगळ्यात जागा कुठे आहे?

चोपडा–जळगाव चालवणाऱ्या एका दादांनी हे विचारलं, आणि खरं सांगतो, मला लगेच उत्तर देता आलं नाही. त्यांची डिझेल जीप जुनी आहे, लिटरला १२ देते. म्हणजे किलोमीटरला २२५ ग्रॅम कार्बन, कुठल्याही नियमाच्या कितीतरी वर. पण तिच्यात दहा माणसं बसलेली असतात. माणशी २२-२३ ग्रॅम. त्याच रस्त्यावर मोठ्या नव्या डिझेल एसयूव्हीत एकटा माणूस १३ च्या एव्हरेजने जातो, माणशी २०० ग्रॅमच्या वर. तिची पीयूसी स्वच्छ, बीएस-६, कंपनीची सरासरी लक्ष्यात बसलेली.

कॅफे नव्या कारपुरता आहे आणि किलोमीटर मोजतो, माणसं मोजत नाही. दादांच्या जीपचा काळा धूर खरा आहे, तो रस्त्याकडेच्या पोरांच्या नाकात जातो, म्हणून ती बदलायलाच हवी. पण बदलून काय घ्यायचं? राज्याच्या धोरणात प्रवासी वाहतुकीच्या इलेक्ट्रिक चारचाकीला दोन लाखांपर्यंत प्रोत्साहन आहे. दहा माणसं आणि टपावर भाजीची पोती घेऊन दिवसाला तीन फेऱ्या मारेल अशी बॅटरीची गाडी, त्यांच्या हप्त्यात बसणारी, आम्ही दोघांनी मिळून शोधली. मिळाली नाही. कर्जाच्या कागदांची यादी मी त्यांना काढून ठेवली आहे, गाडी बाजारात आली की फोन करायचा असं ठरलं आहे.